रोल नंबर एकतीसची उडी

फळीवर उभं राहून पाऊण तास झाला, तरी रोल नंबर एकतीस काही उडी मारेना.

कॉलेजचा नियम साधा होता. पदवी हवी तर तलावाच्या खोल टोकाला वरच्या फळीवरून एक उडी मारायची आणि पोहत काठाला यायचं. एकतीस नंबरला पोहता उत्तम येई. उथळ बाजूच्या पायऱ्या उतरून पाण्यात शिरली की नुसती मासोळी, पण फळीवर चढली की उंचीला घाबरून तशीच शिडीने खाली उतरायची. तीन वर्षं तिने सर्दी आणि कानदुखी पुरवून पुरवून वापरली. आज शेवटचा दिवस होता. सोमवारी नव्या नोकरीवर हजर व्हायचं होतं आणि पदवीशिवाय तिथे तिला कुणी दारातही उभं करणार नव्हतं.

उड्यांची नोंद ठेवणारे कारकून म्हणजे तिचे सख्खे वडील, आणि खरी पंचाईत तीच होती. फाटकातून आत आले की ते मुलीला नंबराने हाक मारत. वहीत लिहायचं ते शाईच्या पेनानेच. बॉलपेन वाणसामानाच्या यादीसाठी असतं, असं त्यांचं मत होतं. आणि स्वतःच्या डोळ्यांनी उडी पाहिल्याशिवाय त्यांनी आजवर एकाही नावापुढे खूण केली नव्हती.

"रोल नंबर एकतीस, पाचला कार्यालय बंद होतं."

"बाबा, करून टाका ना खूण. कोण बघतंय?"

"मी बघतोय."

"अगं, डोळे मीट आणि मार उडी," पोहण्याचे सर म्हणाले.

"मिटले तर फळी कुठे संपली ते कसं कळणार, सर?"

सरांनी वैतागून जोरात शिट्टी फुंकली. ती नेमकी वडिलांच्या कानाशी वाजली. ते दचकले, काखेतली वही सुटली आणि वर्गातल्या एकशे चौदा जणांच्या उड्या एकदम पाण्यात गेल्या.

वडील घाईघाईने खाली वाकून बुटाची नाडी सोडू लागले. फळीवरून मुलीने ते पाहिलं. वडिलांना पोहता येणं सोडाच, घरची टाकी धुवायलासुद्धा ते माणूस बोलवत.

"बाबा, थांबा!" ती ओरडली आणि दुसऱ्या क्षणी धप्पकन आवाज झाला. वर आली ती वही डोक्यावर धरूनच.

"मारली मी उडी," ती काठाला लटकून धापा टाकत म्हणाली. तिचा तिलाच विश्वास बसत नव्हता. "बाबा, तुम्ही बुडाला असता."

"मी कशाला बुडतोय? काठावर पाणी उडालं, बूट भिजू नयेत म्हणून काढत होतो. वही काढायला सर होते की." मग ते जरा ओशाळले. "एक अडचण आहे. मी नाडीकडे बघत होतो. उडी पाहिलीच नाही."

"मी पाहिली ना," सर कळवळून म्हणाले.

"नियमात कारकुनाचे डोळे लिहिलेत, सर."

एरवी ती रडली असती. आज तिला सणसणीत राग आला. पाच वाजायला सहा मिनिटं होती. निथळत्या अंगाने ती तरातरा शिडी चढली.

"बघताय ना?"

"बघतोय."

तिने उडी मारली. भीती कुठे गेली ते शोधायलाही ती थांबली नाही. पाण्यातून वर आली तेव्हा तिला मोठमोठ्याने हसू येत होतं आणि सर एकटेच टाळ्या वाजवत होते.

वडिलांनी वही उघडली. सगळ्या खुणा विरघळून पानं निळीशार झाली होती. त्यांनी एक सुस्कारा सोडला, कपाटातून कोरी वही आणली आणि सरांपुढे हात केला. "तुमचं बॉलपेन द्या जरा." पहिल्या ओळीत त्यांनी नंबर न घालता मुलीचं पूर्ण नाव लिहिलं आणि पुढे ठसठशीत खूण केली.

"बाकीच्यांचं काय?" सरांनी विचारलं.

"उद्या सकाळी आठला. सगळ्यांनी पुन्हा."

"मीही येते," मुलगी केस पिळत म्हणाली. "फळीवर कुणी अडलंच तर दाखवायला लागेल ना, उडी कशी मारतात ते."

वडिलांनी घड्याळात पाहिलं. पाच वाजून गेले होते.

"ये बाळ," ते म्हणाले. "उद्या मी चपला घालून येतो."