दाऊदभाई आणि कझाकांची गरुडीण

आखातातल्या आमच्या माहूजच्या इमारतीतला दाऊदभाई माणसाला अरे-तुरे करतो आणि ससाण्याला विचारतो, "आपण जेवलात का?" मूळचा रत्नागिरीचा. एका अरबाचे शिकारी ससाणे सांभाळण्यात तीस वर्षं गेली. पक्ष्यांचा विषय निघाला की म्हणणार, "मला नको शिकवू, खलास!"

त्याची सलमा नर्स झाली. आयर्लंडला नोकरी लागली. हा जाऊ देईना. आईवेगळी पोर, यानेच वाढवलेली. घरात बोलणं बंद.

मला म्हणाला, "ती गेल्यावर मी काय भिंतीशी बोलू?"

मी म्हटलं, "मी बोलतो की. आमची ही गेल्यापासून तेच चाललंय."



पुढे अरबाला मंगोलियाच्या डोंगरातले कझाक बघायचे होते, गरुड घेऊन कोल्हे मारणारे. दाऊदभाईने मला स्वयंपाकी म्हणून घुसवलं. मला चहासुद्धा धड येत नाही, चूल हिची होती. पण तो ऐकेना. "अण्णा, घरात बसून कुजशील. यल्ला, चल!"

पोचल्या पोचल्या यानं डावा हात पुढे केला. ससाण्याची सवय! म्हातारा शिकारी नको नको म्हणत होता. ते लोक गरुड उजव्या हातावर घेतात, हाताखाली लाकडाचा टेकू देतात. ऐकेल तो दाऊदभाई कसला? गरुडीण हातावर बसली आणि हा बर्फात. वर तिलाच विचारतो, "आपल्याला लागलं नाही ना?"

दुसऱ्या दिवशी म्हातारा तिला सोडायला निघाला. त्यांची रीतच आहे. काही वर्षं शिकार केली की गरुडीण रानात सोडायची, सोबत निरोपाची म्हणून कापलेली मेंढी ठेवायची. दाऊदभाई भडकला. "एवढी शिकवली आणि सोडतोस? डोकं फिरलंय?"

दुभाष्याने सांगितलं. म्हातारा म्हणाला, "मग हिची अंडी मी घालू काय?"

सोडल्यावर तिने मागे येऊ नये म्हणून तो खडकाआड लपला आणि तिथे बाहीत तोंड खुपसून रडला. दाऊदभाई त्याच्याशेजारी जाऊन बसला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती.

उतरताना फोनला रेंज आली. दाऊदभाईने माझ्याकडे पाठ केली आणि फोन तोंडाशी धरला.

"सलमा, तिकडे थंडी फार असते म्हणतात. इथल्या म्हातारीकडून लोकरीचे मोजे घेतलेत. चार जोड्या. मोठ्या बॅगेत जागा ठेव."