कुंकवाचा चिंचोका

जेवायला बसवून पुन्हा उठवलेली माणसं मी मोजली आहेत. एका वर्षी चार. उठवणारे एकच : मळवलीतले माझे शेजारी मारुतीआबा, रेल्वे फाटकावरचे निवृत्त गेटमन.

पितृपक्षात बायकोच्या तिथीला आबा एका वाटसरूला जेवू घालत. एकालाच; त्यांना रांधायला तेवढंच जमे. पण सकाळच्या गाडीने उतरून लोहगडवाडीला निघालेले लोक बांधावरून एकामागे एक येत. एकूण किती येणार, कुणालाच ठाऊक नसे.

"पैला आला म्हनून त्योच जेवनार? मागच्यानं काय पाप केलं?" आबा म्हणत.

म्हणून त्यांची पिशवी. जितकी माणसं आली, तितके चिंचोके आत. त्यांतल्या एकालाच कुंकू लावलेलं. पहिल्यासाठी एकच चिंचोका, म्हणजे तो ओट्यावरच्या बाकावर बसलाच. दुसऱ्याने दोनांतून काढायचा, तिसऱ्याने तीनांतून, आणि परत आत टाकायचा. कुंकवाचा निघाला तर नव्याने बसायचं, आधीच्याने गूळ-शेंगदाणे घेऊन वाटेला लागायचं. ऊन उंबऱ्याला टेकलं की बाकावर असेल तो पाहुणा.

"आबा, जेवायला घालताय का संगीत-खुर्ची खेळवताय?" उठवलेली एक मावशी फणकारली.

"मावशे, समद्यास्नी सारखं हाय!"

मला पटेना. कागद घेऊन बसलो. तिघे आले, तर पहिला दुसऱ्यापुढे टिकण्याची शक्यता निम्मी, तिसऱ्यापुढे दोन तृतीयांश. गुणाकार एक तृतीयांश. तिसऱ्यालाही तेवढीच. वीस आले तरी सगळे सारखे! आबा तर चौथी नापास. तेव्हापासून दर वर्षी मी त्यांच्या ओट्यावर मोजायला बसू लागलो.

गेल्या खेपेला चौथा आलेला म्हातारा बाकावर बसला.

"घरात कोन कोन?" आबांनी विचारलं.

"कोन न्हाई. मालकीन गेली औंदा. तिच्या अळूला असाच वास यायचा."

आबा पिशवी घेऊन आत गेले, लगेच बाहेर आले.

पुढे नऊ जण आले. एकालाही कुंकू लागलं नाही. हिशेबाने हे तेरांत चार वेळा घडू शकतं, म्हणून मी गप्प होतो.

ऊन उंबऱ्याला टेकलं. पान खायला आबांनी कमरेची चंची सोडली, आणि कुंकवाचा चिंचोका घरंगळत माझ्याजवळ आला. मी त्यावर पाय ठेवला.

आबांनी ते पाहिलं. मग म्हाताऱ्याचं ताट वाढलं.

"आन् तुमचं, भाऊ?" म्हातारा म्हणाला.

दर वर्षी पाहुणा गेल्यावर एकटेच जेवणारे आबा थोडे घुटमळले. मग त्याच्या शेजारी दुसरं ताट मांडलं.

दोघांचं जेवण होईपर्यंत मी पाय उचलला नाही.