मृतांची सरासरी

त्या वर्षी शहरात किती माणसं मारली गेली, हा प्रश्न स्मारक समितीने मंगळवारी साडेतीन वाजता, चहा येण्यापूर्वी, एकमताने निकाली काढला.

पहिल्या इतिहासतज्ज्ञांनी तेरा वर्षं खपून आकडा काढला होता: तीन हजार आठशे तेरा. दुसऱ्यांनीही तितकंच खपून शून्य काढलं होतं; माणसं म्हणे आपखुशीने परगावी गेली. दोघांचे ग्रंथ सारखेच जाड भरले. तेव्हा अध्यक्षांनी सरासरी काढली. एक हजार नऊशे साडेसहा.

"साहेब, अर्धं माणूस कसं कोरू?" दाराशी उभ्या पाथरवटाने विचारलं.

"अर्धं सोडून द्या, मिस्त्री."

पाथरवटाने मजुरी मागितलीच नव्हती. स्मारकाच्या दगडावर धाकट्या बहिणीचं नाव यावं, एवढंच मागणं.

"नावं नकोत. नावांवरून वाद होतात."

"पण मी डोळ्यांनी पाहिलंय हो!"

"तुम्ही भाऊ. म्हणजे पक्षपाती," दुसरे तज्ज्ञ म्हणाले.

"मग परक्याला विचारा."

"परक्यांनी पाहिलेलं नाही."

पाथरवटाने डोकं खाजवलं. "बरं, निम्मीच मेली. आमची पोर कुठल्या निम्म्यात?"

"ते समितीच्या कक्षेत येत नाही."

"न मेलेल्यांत असेल तर घरी धाडा की! चाळीस वर्षं झाली, दाराला आतून कडी लावली नाही मी."

मग चहा आला.

आकडा कोरला. दोन्हीकडून हरकती आल्या. समिती बदलली, सरासरी बदलली. दगडावरचा आकडा पुसता येत नाही. अख्खा दगड घासावा लागतो. पाथरवट घासत गेला, कोरत गेला. नऊशे चार. दोन हजार अकरा. 'अनेक'. 'काही'. 'काही'वरही हरकत आली, तेव्हा दगड कोराच ठेवायचं ठरलं.

"आणि मागची बाजू?" पाथरवटाने विचारलं.

"मागे भिंत आहे. तिथे हवं ते कोरा, दिसतंय कुणाला!"

घासून घासून काळ्या दगडाचा आरसा झालाय. लोक येतात, मान झुकवतात, केस सारखे करतात आणि निघतात. तुम्हीही जाऊन या. म्हातारा तिथेच असतो, दगड आणि भिंतीमधल्या फटीत हात घालून एक नाव चाचपत. विचारलंत तर सांगेल. अजून कुणी विचारलेलं नाही. समोरून आपला चेहरा फार छान दिसतो.