गुलाबरावांची पिणारी गाडी

गुलाबराव स्वतः सुपारीच्या खांडालाही शिवत नसत. पण त्यांची गाडी दारू पीत असे. तीही दारूबंदीच्या काळात, अमरावतीसारख्या गावात, भर रस्त्यावर आणि सरकारी परवान्यानिशी.

हे गृहस्थ आमचे शेजारी. मध्ये फक्त तारेचं कुंपण. धंदा फर्निचरच्या पॉलिशचा. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, बाटल्या भरायच्या आणि गावोगावच्या सुतारांना पुरवायच्या. त्यांच्या कपड्यांना, भांड्यांना, घराच्या भिंतींनासुद्धा स्पिरिटचा वास होता. तोवर सगळं ठीक होतं. मग अकोटच्या कापसाच्या जिनिंगमधला गोरा साहेब विलायतेला परत निघाला आणि त्यानं आपली शर्यतीची मोटार विकायला काढली. गुलाबराव त्याच्याकडे कपाटाला पॉलिश करायला गेले होते, ते मोटार घेऊन आले.

लाल रंग. बसणार दोनच माणसं. पुढचं बोनेट एवढं लांब, की गाडी आमच्या फाटकाशी पोचली तरी गुलाबराव अजून कोपऱ्यावरच्या पिंपळाखाली असत.

त्यांच्या पत्नीनं, अनसूयाबाईंनी, पहिल्याच दिवशी कायदा केला. त्यांना पेट्रोलचा वास अजिबात सोसत नसे. गाडीला हात लावलेल्या माणसानं विहिरीवर आंघोळ केल्याशिवाय आत यायचं नाही, आणि आंघोळीनंतरही वास आला तर ताट ओसरीवर. वास रोज यायचा. त्यामुळे गुलाबराव ओसरीवर एकटेच, गाडीकडे तोंड करून जेवत. कोणी पाहिलं तर म्हणत, "इथं हवा लय चांगली असते." मे महिन्यातही हेच म्हणत.

एक दिवस ते कुंपणाशी आले. "बाई, तुमच्यापाशी बारक्यात बारकी सुई हाये का?"

मी मुलींच्या शाळेत शिवण शिकवते. माझ्याकडे सुया असणारच. पण कशाला, ते मी विचारलं.

"गाडी पेट्रोलवरून स्पिरिटवर आणून राहिलो. हिशोब साधा हाय. गाडी दमाची, साहेबाच्या देशातली. आपलं पेट्रोल तिले मानवत नाही. चढ लागला का घोडीवानी टापा आपटते. स्पिरिट तिले मानवते. पण ते लागते दीडपट. म्हणजे कार्बोरेटरातलं भोक मोठं करा लागते."

'हिशोब साधा हाय' हे त्यांचं पालुपद. हे वाक्य कानावर आलं, की पुढे काहीतरी अवघड होणार हे आम्ही समजून जात असू. माझ्या सुया घासघासून त्यांनी भोक मोठं केलं. फार मोठं केलं. मग कथिलानं बुजवलं आणि पुन्हा पहिल्यापासून कोरलं. इकडे वर्गात मुली सुईवाचून बसून राहू लागल्या, तेव्हा मी डबा कपाटात ठेवला आणि किल्ली कमरेला खोचली.

पॉलिशसाठी मिळालेलं स्पिरिट गाडीत ओतणं बेकायदा. गुलाबराव सरळ माणूस. ते परवाना मागायला कचेरीत गेले. त्या काळी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर जुन्या पिणाऱ्यांना परवाना मिळे. कारकुनाला वाटलं, हे त्यातलेच.

"कितीक वर्षांचं व्यसन?"

"अजून लागलं नाही. लावून राहिलो."

"रोज किती लागते?"

"चार ग्यालन. चढ असला तं पाच."

कारकुनानं टाक खाली ठेवला. "भाऊ, तुमी जिते कसे?"

"मी नाही पीत जी. ते बाहेर उभी हाये ना, ते पिते."

बाहेर, गाडीच्या अलीकडे, एक म्हातारी भाजीवाली उभी होती. कारकुनानं तिच्याकडे पाहून हात जोडले म्हणतात.

बरेच हेलपाटे घालून परवाना मिळाला. गाडीला पोटभर स्पिरिट पाजून गुलाबराव निघाले आणि चौकात गाडी बंद पडली. कार्बोरेटरातून स्पिरिट भळाभळा वाहायला लागलं. वासावर शिपाई आला. त्यानं गुलाबरावांना 'हा' करायला लावलं. त्यांनी इतक्या मनापासून केलं की शिपायाची टोपी हलली.

"तोंडाले वास नाही," शिपाई म्हणाला. "गाडीच्या बुडाले हाये. आता पंचनामा कोनाचा करू?"

चार जणांनी ढकलत गाडी घरी आणली. कार्बोरेटरात बुचाचा एक गोळा तरंगत असतो. इंधन पुरेसं आलं की तो वर उचलला जाऊन वाट बंद करतो. तो गोळा फुगून तळाशी बसला होता. का, ते काही कळेना. गुलाबरावांनी साहेबाला दोष दिला, स्पिरिटला दिला, कुंपणाशी उभ्या असलेल्या मला ऐकू जाईल अशा बेतानं माझ्या सुयांनाही दिला.

तेवढ्यात अनसूयाबाई ताट घेऊन ओसरीवर आल्या. दोन हात लांबूनच त्यांनी गोळा पाहिला.

"अवो, या बुचाले वरून काय लावलेलं होतं?"

"लाख."

"कोनती?"

"चपडा," गुलाबराव म्हणाले.

"अन् तुमी त्याले कशात बुडवलं?"

गुलाबराव ताटाकडे पाहू लागले.

"लगन होऊन आली तवापासून माह्या घरात चपडा स्पिरिटात इरघळून राहिला. आपल्या मांजरीलेही मालूम हाये!" ताट ठेवून त्या आत गेल्या. साधा किंवा अवघड, कुठलाच हिशोब त्या दिवशी ऐकू आला नाही.

मग अकोल्याला जुन्या शहरातल्या एका तांबटाकडून त्यांनी पितळेचा पोकळ गोळा करून आणला. गाडी चालली. टापाही थांबल्या. पण गुलाबरावांना नवीनच सवय जडली. दिसेल त्याच्यापुढे बाही धरायची आणि म्हणायचं, "वास घ्या जरा. पेट्रोलचा येते का?" पोस्टमननं घेतला, दूधवाल्यानं घेतला, आमच्या हेडमास्तरीणबाईंनीसुद्धा घेतला.

एकच खोट राहिली. थंडीत सकाळी गाडी स्पिरिटवर सुरू होत नसे. चमचाभर पेट्रोल आत टाकलं की झालं, हे मोटार दुरुस्त करणाऱ्या कोणीही सांगितलं असतं. गुलाबराव ते न करता इंजिनाच्या नळीवर कढत पाणी ओतत. पाणी माझ्या बंबातलं. एके सकाळी ते पुन्हा बादली घेऊन आले, तेव्हा मी म्हटलं, "गुलाबराव, चमचाभर पेट्रोल टाका आणि माझी लाकडं वाचवा."

त्यांनी बादली खाली ठेवली. एकदा घराकडे पाहिलं.

"चमचाभर म्हणता बाई. तिले थेंबाच्या वासानं मळमळते. कितीक वर्षं झाली, धारणीले माहेरी गेली नाही. मागं एसटीत बसवली, तं वाटेत परतवाड्यालेच उतरवा लागली. ओकून ओकून अर्धी झाली होती. तिच्या मायचे डोळे गेले आता. निरोप आला, दिसत नाही तं नाही, पोरीचा आवाज तरी ऐकू द्या म्हणते. स्पिरिटचा वास तं तिले घरचाच हाये." मग घाईनं म्हणाले, "अन् गाडी चढावर टापा आपटे, तेही होतंच."

मी बादली भरून दिली. नंतरची पण.

त्या आठवड्यात दोघं निघाले. अनसूयाबाई मांडीवर लिंबांची पिशवी घेऊन बसल्या होत्या. पिंपळापर्यंत नाकाला पदर होता. पिंपळापाशी तो खाली आला.

दुसऱ्या दिवशी गुलाबराव एकटे परतले. धारणीच्या वाटेवरचा सगळा घाट पार झाला, लिंबाला हात लावावा लागला नाही. सासूबाईंनी बोनेट हातानं चाचपत चाचपत विचारलं म्हणे, "जावईबापू, गाडी हाये का आगगाडी?" अनसूयाबाई महिनाभर तिथे राहणार होत्या.

घरात आता अडवणारं कोणी नव्हतं. तरी संध्याकाळी स्वतः केलेली खिचडी घेऊन हे ओसरीवरच.

"आत बसून जेवा की आता," मी म्हटलं.

"इथं हवा लय चांगली असते, बाई."

पाचसहा दिवस गेले असतील. ते कुंपणाशी आले. "उद्या बंब जरा लवकर पेटवजा. धारणीले जाऊन येतो."

"आणायला? अहो, महिना राहणार ना त्या?"

"नाही नाही, राहू द्या तिले. मायजवळ हाये. मी नुसता जाऊन येतो. गाडी लय दिवस उभी ठेवली तं आतून जाम होते. हिशोब साधा हाय." आणि त्यांनी बाही पुढे केली. "वास घ्या जरा."

मी घेतला. साबणाचा येत होता.

मी लाकडं फोडायला घेतली.