अमेरिकेची कॅसेट आणि बायडीचे बोंबील

धर्माजीच्या अंगणात त्या संध्याकाळी एवढी माणसं जमली होती, की त्याच्या बायकोच्या तेराव्यालाही तेवढी नव्हती. ओटीवर टेबलाच्या छातीवर भाड्याचा रंगीत टीव्ही, त्याच्या बाजूला भाड्याचा व्हिडिओ, आणि दोघांच्याही कपाळाला हळदकुंकू. ते धूड बोईसरहून टेम्पोत घेऊन आलेला रामसुमेर "मशीन पे पानी मत डालो" म्हणून ओरडत होता, पण नारळ फुटायचा तो फुटलाच. आज टीव्हीत सिनेमा नव्हता. आज टीव्हीत धर्माजीची नात येणार होती.

धर्माजीचा मुलगा कृष्णकांत अमेरिकेला गेला तो तिकडचाच झाला. आई गेली तेव्हा त्याची तार आली, तो आला नाही. पुढे मुलगी झाली आणि तिला त्यानं आईचं नाव ठेवलं, मंदा. तेवढ्यावर धर्माजीनं त्याला सगळं माफ केलं. बापाची जात एवढी स्वस्त असते. नात त्यानं फोटोत पाहिली होती, पण फोटो बोलत नाही. घर मोठं, चिकूची वाडी त्याहून मोठी, आणि दिवसभरात बोलायला माणूस म्हणजे वाडीतला गडी सुका, जो बैलाशी जास्त बोलायचा आणि मालकाशी कमी. अशात ही कॅसेट आली. सोबत चिठ्ठी होती : मंदा तुमच्याशी बोलली आहे. धर्माजीनं आख्ख्या आळीत घरोघर जाऊन आमंत्रण दिलं, लग्नाचं देतात तसं.

"लाव रे," तो म्हणाला. रामसुमेरनं कॅसेट आत ढकलली. पडद्यावर काळ्यापांढऱ्या रेघा वरून खाली धावायला लागल्या.

"पाऊस लागलाय काय अमेरिकेत?" बायडीनं विचारलं. बायडी शेजारची मासळीवाली. तिच्या टोपलीला झाकण होतं, तोंडाला नव्हतं.

तेवढ्यात आवाज आला. "आऽऽऽ... जोऽऽऽ... बाऽऽऽ..."

विहिरीत पडलेला रेडा मदतीला हाक मारील, तसा आवाज. पुढं बसलेली पोरं आईच्या पदरात शिरली.

"धर्माजीदादा," बायडी म्हणाली, "नात हाय का फौजदार?"

अंगण हसायला लागलं. रामसुमेरनं बटणं पिळली, टीव्हीच्या पाठीत थापा मारल्या, एरियल हातात धरून एका पायावर उभा राहिला. रेघा आडव्या होत्या त्या तिरक्या झाल्या. शेवटी कुणीतरी म्हणालं, "व्हिडिओचं भाडं तर भरलंच हाय ना? मग एखादा हाणामारीचा पिच्चर तरी लाव." रामसुमेरनं सोबत आणलेला पिच्चर लावला. लगेच चित्र स्वच्छ! माणसं सरसावून बसली. धर्माजी आत चुलीपाशी जाऊन बसला. नातीच्या नावानं आणलेले पेढे बाहेर वाटले गेले, आणि ज्यानं ते आणले त्याला कुणी हाकसुद्धा मारली नाही.

दुसऱ्या दिवशी रामसुमेर सामान न्यायला आला तेव्हा त्यानं कॅसेटचं झाकण उचलून आत फुंकर मारली. "दादा, इसमें सीलन है. दरिया का हवा लगा है."

म्हणजे दमट हवा लागली. चिंचणीच्या माणसाला यात नवल काय? इथं मीठ पाझरतं, आगपेटी पेटत नाही, भिंतीला बुरशी धरते. आणि दमट झालेल्या वस्तूचं काय करायचं हे किनाऱ्यावर कुणाला शिकवावं लागत नाही.

"उन्हात घाला," बायडी म्हणाली. "माझ्या बोंबलांच्या काठीवर जागा हाय. वारा पण चांगला लागंल."

"कॅसेट हाय गो ती."

"बोंबील तरी काय असतंय? लांब पट्टीच ती!"

कॅसेट बोंबलांच्या रांगेत टांगली गेली. तिच्यावर कावळे येऊ नयेत म्हणून धर्माजी स्वतः काठी घेऊन खाली बसला. वाटेनं जाणारा विचारायचा, "काय राखता?" धर्माजी सांगायचा, "नात." उन्हं कलली तेव्हा कॅसेट खडखडीत वाळली होती, आणि तिला असा वास मारत होता, की मांजरं घरापर्यंत मागं आली.

तोवर थांबलेल्या रामसुमेरनं पुन्हा लावली. पुन्हा रेघा, पुन्हा रेडा. वर मशीनच्या आत खवल्यासारखं काहीतरी अडकलं. "हेड में मच्छी घुस गया, दादा! मालिक मेरेको मार डालेगा!" म्हणत तो मशीन उचलून पळाला, आणि दोन दिवसांनी बोईसरच्या उस्तादाकडून खरी गोष्ट घेऊन परतला. कॅसेट बिघडलेली नव्हती. कॅसेट अमेरिकेची होती. अमेरिकेची कॅसेट हिंदुस्थानच्या मशीनवर चालत नाही.

"का?" धर्माजीनं विचारलं.

"उनका सिस्टम अलग, अपना अलग."

कुणी केलं हे वेगळं? बापाला विचारून केलं काय? चिंचणीचा चिकू मुंबईला जातो, दिल्लीला जातो, आणि तिथल्या माणसाच्या तोंडात गोडच लागतो. दिल्लीच्या तोंडाला वेगळा चिकू लागत नाही. पण मशीन बनवणाऱ्या शहाण्यांनी जग असं वाटून घेतलंय, की एका देशातल्या पोरीनं दुसऱ्या देशातल्या आजोबाला हाक मारली, तर मध्ये यांचं कुंपण. दोन्हीकडचं चालवणारं मशीन मिळतं, नाही असं नाही. तिकडे कोरी कॅसेट भाजीच्या भावात, आणि इकडे ते मशीन घ्यायचं तर जकातीसकट वाडीच विकायला काढावी लागेल. कुंपण घालणाराही तोच आणि फाटकाचे पैसे घेणाराही तोच.

"पाम में एक के पास है," रामसुमेर म्हणाला. "मस्कतवाला."

जवळच्या पाम गावात, मस्कतला नोकरी करणाऱ्या त्या माणसाचं घर शोधायला लागलं नाही. दारात मस्कतवाल्याची बायको हंसा उभी होती. धर्माजीनं पिशवीतून कॅसेट काढली तशी तिनं नाकाला पदर लावला. "काका, कॅसेट हाय का कालवण?"

तरी तिनं घरात घेतलं. आत सगळ्या वस्तूंना प्लास्टिक घातलेलं. मिक्सर खोक्यात, पंखा खोक्यात, रेडिओ खोक्यात. नवरा दर खेपेला एक मशीन आणायचा आणि परत जायचा.

"ह्याच्यावर सगळ्या देशांच्या कॅसेटी चालतात," व्हिडिओवरचं कापड काढत ती म्हणाली. "चालायला सगळं चालतं. सोबत बसून बघायला माणूस तेवढा नाय."

आणि खरंच, चित्र आलं. लालभडक फ्रॉक, दोन शेंड्या, पुढचा एक दात पडलेला. धर्माजी जमिनीवरून उठून पार टीव्हीच्या तोंडाशी जाऊन बसला. पोरगी पारव्यासारखी मान हलवून म्हणाली, "आजोबा-हाय-मी-मंदा-बाय!" आणि पळाली. मागून कृष्णकांतचा आवाज, "अगं थांब, अजून बोल!" ती गेली ती गेलीच. मग कृष्णकांतनं घर दाखवलं, मोटार दाखवली, आणि गवत कापायची मशीन दाखवली. पोरीपेक्षा गवताला जास्त वेळ दिला हरामखोरानं.

"झालं?" धर्माजीनं विचारलं.

"झालं, काका."

"परत लाव."

हंसानं परत लावलं. चहा टाकला, परत लावलं. चहा निवला, परत लावलं.

"एवढी घाई कसली हाय गो तिला?"

"लांबची माणसं घाईतच बोलतात. आमचे हे पण फोनवर असंच. बरी आहेस ना, बरा आहे, ठेवतो." हंसानं स्वतःहूनच कॅसेट आणखी एकदा मागं घेतली.

धर्माजीनं पोरगी पळून जाईपर्यंत पुन्हा पाहिलं. मग म्हणाला, "आमच्या भाड्याच्या मशीनीत तरी सावकाश बोलत होती."

उत्तर तर पाठवायला हवं. रामसुमेर लग्नाचं शूटिंगपण करायचा. तो कॅमेरा घेऊन वाडीत आला. धर्माजी धुतलेली टोपी घालून चिकूखाली उभा राहिला, फोटोला राहतात तसा, श्वास कोंडून.

"हिलो, दादा, हिलो! फोटो नहीं है, पिच्चर है!"

धर्माजी हलला, आणि एकदा सुरू झाला तो थांबेना. मंदे, हे झाड तुझ्या आजीनं लावलं. ही खार बघ, रोज चिकू चोरते, हिला मी शेपटीवाली चोरीण म्हणतो. हा सुका, हा माणसांशी बोलत नाय. सुका टोपली डोक्यावर घेऊन लाजून हसला. झोका कुठं बांधायचा ते धर्माजीनं दाखवलं, कोल्ह्याची गोष्ट सांगितली, कोल्ह्यासारखा ओरडून दाखवला. कॅसेट संपली तरी बोलत होता. कितीतरी वर्षांचं साठलं होतं, आणि त्याला वाट कुठली मिळाली, तर एक काळी काच.

पार्सल गेलं. आत चिठ्ठीत हंसाचा फोन नंबर घातला, कारण आळीत फोन नव्हता. मग बायडीनं सहज विचारलं, "दादा, त्यांचा मासा आपल्या कढईत शिजला नाय. आपला त्यांच्या कढईत शिजंल काय?"

धर्माजी मटकन ओटीवर बसला. हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. बोलला ते सगळं पाण्यात. तिकडे आता रेघा दिसणार आणि आपण रेड्यासारखे ओरडणार. पोर घाबरून आयुष्यभर नाव घ्यायची नाही. त्या दिवसापासून त्यानं हंसाकडे कॅसेट बघायला जाणंही सोडलं.

शेवटी हंसाच त्याला न्यायला आली. "चला काका, तुमच्या मुलाचा फोन आलता. तासाभरात परत करतो म्हणालाय." सुकाच्या सायकलवर मागं बसून धर्माजी पामला पोचला, तर घंटी वाजतच होती.

"बाबा, तुमची कॅसेट इथं लागत नाही," कृष्णकांत म्हणाला. "नुसत्या रेघा. आवाज येतो, पण आपली कॅसेट इथल्या मशीनमध्ये जोरात पळते. तुम्ही चिमणीसारखे चिवचिवता."

"टाकून दे," धर्माजी म्हणाला.

"टाकू कशी? मंदा सोडतच नाही. सकाळ-संध्याकाळ तेच. रेघांसमोर बसून हसते, कोल्ह्यासारखी ओरडते. घ्या, बोला तिच्याशी."

फोनमध्ये बारीक श्वास ऐकू आला. धर्माजीनं आवाज जमेल तेवढा मऊ केला. "बाळा, मी आजोबा."

मग ती म्हणाली, "नो. तू नको. तो मुलगा दे."

"कुठला मुलगा गो?"

"झाडाखालचा. गोष्टवाला."

फोन पुन्हा कृष्णकांतनं घेतला. त्याचा आवाज उतरला होता. "बाबा, तिला वाटतं तिकडे तिच्याएवढा कुणी मुलगा आहे. किती समजावलं. इथं आसपास तिला खेळायला कुणी नाही हो. आम्ही दोघं कामावर. जाऊ दे, ठेवतो मी."

"ठेवू नको!" धर्माजी ओरडला. "दे तिला परत."

त्यानं इकडे तिकडे पाहिलं. हंसा दारात उभी होती, सुका उंबऱ्यावर. धर्माजीनं टोपी काढून सुकाच्या हातात दिली. दोन बोटांनी स्वतःचा घसा आवळून धरला. आणि बायडी सोडली तर गावात ज्याच्यापुढं कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं, तो वाडीवाला धर्माजी चिमणीच्या आवाजात म्हणाला,

"मंदेऽ, मी हाय गो! कुठं होतीस एवढे दिवस?"

तिकडून पोरगी आनंदानं किंचाळली आणि कोल्ह्यासारखी ओरडली. धर्माजीही ओरडला. हंसानं तोंडात पदर कोंबला. आणि माणसांशी न बोलणारा सुका उंबऱ्यावरून हळूच म्हणाला, "दादा, खारीचं पण सांगा."