रिकाम्या टाकीची अंगाई

पेट्रोलच्या काट्यावर विश्वास ठेवणारी माणसं मुळातच भित्री असतात, असं भोंग्याच्या बाबाचं ठाम मत होतं. तो स्वतः विमा कंपनीत नोकरीला! दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्यांना काय काय होऊ शकतं याचा अंदाज बांधायचा आणि संध्याकाळी स्वतःची गाडी अशी चालवायची, की समोरचा तो नारिंगी दिवा नंदादीपासारखा अखंड तेवत राहावा.

"अगं, तो दिवा म्हणजे नुसती घाबरवायची युक्ती," तो बायकोला समजावायचा. "दिवा लागल्यावरसुद्धा टाकीत भरपूर असतं. आणि हलकी गाडी कशी झुळझुळ पळते! भरल्या पोटी कोणी धावतं का?"

बायको दातांची डॉक्टर. लोक तिच्यासमोर तोंड उघडून बसत आणि एक अक्षर बोलत नसत. घरी नेमकं उलटं होतं.

भोंगा हा त्यांचा मुलगा. जन्मल्या क्षणी त्यानं असा सूर लावला, की नर्सनं तिथल्या तिथे त्याचं बारसं उरकलं. त्याला झोपवणं हा घरातला सगळ्यात अवघड प्रकल्प. मांडीवर झोपायचा नाही, खांद्यावर झोपायचा नाही, पाळण्यात ठेवला तर पाळण्यालाच जाग यायची! पण बाबाच्या गाडीत मागच्या सीटवर, त्याच्या छोट्या खुर्चीत बांधला, की दोन वळणांत मान टाकायचा.

बाबाला बाप झाल्यापासून एवढी एकच गोष्ट जमली होती. दूध पाजणं त्याच्या हातात नव्हतं, त्यानं बांधलेला लंगोट दोन मिनिटांत सुटायचा. झोपवणं मात्र त्याचं!

"हातात लय लागते," तो सासूबाईंना सांगायचा. "क्लच कसा सोडायचा, ब्रेक कसा दाबायचा... पोराला कळतं हो ते."

"कळत असेल," सासूबाई म्हणायच्या. "पण जावईबापू, तुमची गाडी मागच्या बाजूनं डासासारखी गुणगुणते कशानं?"

"समाधानानं!"

एकदा बायकोनं परस्पर टाकी गच्च भरली आणि स्वतः भोंग्याला फिरवायला नेलं. पोर सगळा रस्ता बेंबीच्या देठापासून ओरडलं. शेजारच्या गाडीतल्या माणसानं काच खाली करून तिला विचारलं, "पळवून नेताय का हो कोणाचं?"

बाबानं या प्रकाराचा शांतपणे अभ्यास केला आणि निष्कर्ष काढला, की भरलेली गाडी जड होते आणि जड गाडीत बाळाला झोप लागत नाही. एरवी बायकोनं असला निष्कर्ष कानाआड केला असता. पण कित्येक महिन्यांत तिला सलग झोप नव्हती. टाकी खाली गेली की पोर झोपतं, हे तर तिनंही डोळ्यांनी पाहिलं होतं! त्या दिवसापासून घरात ठरून गेलं: पेट्रोल भरायचं ते औषधासारखं, चमचा चमचा. गाडीचं गुणगुणणं हळूहळू वाढलं, भोंग्याची झोप गाढ झाली आणि सगळे सुखी झाले.

मग बायकोची रजा संपली.

बेत साधा होता. सकाळी भोंग्याला पोटभर पाजायचं आणि गाडीत घालायचं. गावाच्या दुसऱ्या टोकाला आजीच्या, म्हणजे सासूबाईंच्या घरी पोचेपर्यंत तो झोपलेला हवा, म्हणजे आईला जाताना पाहणार नाही. जागा असला, तर आईच्या ओढणीला असा लटकायचा की दवाखाना दिसण्याची आशाच नको. आणि पहिल्याच दिवशी उशीर झाला, तर मोठ्या डॉक्टरीणबाई रजेच्या काळातली बदली डॉक्टरच कायम ठेवणार, हे त्यांनी गोड शब्दांत आधीच कळवलं होतं.

"तू फक्त मागे बस आणि बघ," बाबा म्हणाला. "झोप ही माझी जबाबदारी!"

दिवा तेवत होता. गाडी गुणगुणत होती, खरंतर आज रडवेली होऊन विव्हळत होती. भोंग्यानं दुसऱ्या वळणावर मान टाकली. बाबानं आरशातून बायकोकडे विजयी नजर टाकली आणि गाडी उड्डाणपुलाच्या चढावर घातली.

चढावर गाडीला उचकी लागली. मग दुसरी. पुलाच्या अगदी माथ्यावर गुणगुण थांबली आणि गाडीही थांबली. भोंग्यानं डोळे उघडले.

"काही नाही, पेट्रोल एका कोपऱ्यात गेलंय," म्हणत बाबा खाली उतरला आणि औषधाची बाटली हलवतात तशी गाडी गदागदा हलवू लागला. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवले. भोंग्यानं त्यांना उत्तर दिलं. हॉर्न हरले!

"अरे, पोराला हलवतोयस की पेट्रोलला?"

"पुढे उतार आहे. उताराच्या पायथ्याशी पेट्रोलपंप आहे. सांग, दुसऱ्या कोणाची गाडी इतक्या सोयीच्या जागी बंद पडते?"

चार भल्या माणसांनी ढकलत गाडी उताराला लावली. ती निमूटपणे घरंगळत पंपावर जाऊन उभी राहिली.

"फुल करा," बायको दात आवळून म्हणाली. दातांच्या डॉक्टरनं दात आवळले, की समजावं!

बाबानं लग्नानंतर पहिल्यांदाच टाकी काठोकाठ भरली. ऐटीत बसला, किल्ली फिरवली. गाडी घुर्र घुर्र करून गप्प. पुन्हा फिरवली. पुन्हा गप्प.

बायकोनं दवाखान्यात फोन लावला. "पहिला पेशंट आलाय का?"

"येऊन बसलाय," रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली. "फार समजूतदार आहे. म्हणतोय, डॉक्टरांना म्हणावं सावकाश या, उद्या आलात तरी चालेल."

"आणि मोठ्या बाई?"

"त्या घड्याळाकडे बघतायत. माझ्याकडे नाही, घड्याळाकडे."

पंपाला लागूनच गॅरेज होतं. मेकॅनिक आपला विजयाचा दिवस असल्यासारखा हात पुसत आला. मागची सीट उचलून खाली कान लावला आणि म्हणाला, "फ्युएल पंप गेला. जळला! साहेब, गाडी कायम तळाशी चालवता ना?"

"कधीकधी," बाबा म्हणाला.

"कायम," बायको म्हणाली.

"हा पंप टाकीच्या आत पेट्रोलमध्ये बुडून बसतो. पेट्रोलनंच थंड राहतो. तुम्ही त्याला कोरडा ठेवला, तापतापून बोंबलत असेल बिचारा. आवाज यायचा की नाही, कुंईऽऽ करून?" मग त्यानं टाकीत डोकावून पाहिलं. "अरे देवा. नेमकी आजच फुल केलीत? आता हे सगळं आधी बाहेर काढावं लागणार!"

टाकी रिकामी करण्याचं काम आयुष्यभर फुकट केलेला माणूस खाली मान घालून उभा राहिला.

बायको मात्र 'कोरडा' या शब्दालाच अडकली होती. तिच्या हातातलं दात कोरायचं यंत्रसुद्धा असंच पाण्याच्या धारेत चालतं. धार कमी झाली, की तापतं आणि कुंईऽऽ करतं. तिनं कडेवरच्या भोंग्याकडे पाहिलं, मग उचललेल्या सीटकडे. त्याची खुर्ची बरोब्बर त्या पंपाच्या डोक्यावर असायची!

"अरे," ती हळूच म्हणाली, "हा पोटात असताना शेवटच्या आठवड्यापर्यंत मी दात कोरत होते."

"मग?"

"मग काय! लोक ज्या आवाजानं खुर्ची सोडून पळतात, ती याची अंगाई आहे. तुझा क्लच नाही, ब्रेक नाही. तू नुसता पंप जाळत होतास."

हातातली एकुलती एक गोष्ट कोणी काढून घेतली, की माणूस जसा दिसतो तसा बाबा दिसला. बायकोला त्याची दया आली, पण घड्याळाला येत नव्हती.

नवा पंप बसला. उशीर का झाला आणि खर्च किती झाला, ते बायकोनं आजीला फोनवर सांगून टाकलं. गाडी एका झटक्यात सुरू झाली आणि मऊ दुलईसारखी निःशब्द चालू लागली. भोंग्यानं क्षणभर कान टवकारले, काहीतरी हरवल्याची खात्री करून घेतली आणि सूर लावला.

"दादा," बायकोनं काच खाली करून मेकॅनिकला हाक मारली, "जुनाच परत बसवता येईल का?"

मेकॅनिकनं हातातला पाना खाली ठेवला. "ताई, घरी जाऊन जरा आराम करा."

मोठ्या बाईंनी फोनवर दुपारपर्यंतची शेवटची मुदत दिली होती. पण आजीचं घर जवळ येत होतं, भोंगा पूर्ण जागा होता आणि बायकोच्या ओढणीचं टोक त्याच्या मुठीत होतं. ती नुसती खिडकीबाहेर बघत राहिली. बाबानं आरशात ते पाहिलं. एकदा खाकरला. मग स्टिअरिंगवर छाती रेटून, नाकातून, बारीक, चिरका आवाज काढला. "कुंईऽऽऽऽ..."

भोंगा थबकला.

"थोडं वर," बायको कुजबुजली. "माझं यंत्र याहून वर लागतं."

"कुंईंऽऽऽऽ..."

पहिल्या वळणाला पापण्या जड झाल्या. दुसऱ्या वळणाला मान पडली. मुठीतून ओढणी सुटली.

"बघितलंस?" बाबा खुशीत मागे वळला. "शेवटी माझ्याच..."

भोंग्याचा एक डोळा उघडला.

"कुंईंऽऽऽऽ!"

तेव्हा बायकोच्या लक्षात आलं, की लग्नानंतर पहिल्यांदाच हा माणूस गाडी चालवतोय आणि उलट बोलू शकत नाही! ती आरामात मागे टेकून बसली.

"यापुढे टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही. कबूल?"

"कुंईंऽऽऽ..."

"आणि दिवा लागला, की तू चुकलास असं समजायचं."

"कुंईंऽऽऽ!" हा सूर जरा तापलेला होता.

"बाई गं, किती समजूतदार!" म्हणत तिनं वाकून भोंग्याची खुर्ची सोडवली. गाडी आजीच्या दारात पोचली होती. आजी बाहेर येऊन कान देऊन उभी होती.

"जावईबापू," ती म्हणाली, "एवढा खर्च केलात, पण तो डास काही गेला नाही हो!"