शालिककाकांची सुतळी

शालिककाका कुणाकडे गेले की आधी माणसांकडे बघत नाहीत, भिंतींकडे बघतात. टीव्हीमागे लोंबणारी वायर दिसली की चहाचा कप खाली ठेवतात आणि घरमालकाला विचारतात, "घर बांधलं का वायरी वाळू घातल्या?" मागे एका साक्षगंधाला त्यांनी हे थेट नवरीच्या बापाला विचारलं. काकू भरल्या पंगतीतून उठणार होत्या. "दिसली वायर, गेली इज्जत," हे काकांचं ठरलेलं वाक्य.

काका आमचे शेजारी. सेलूच्या बसस्टँडजवळ त्यांचं बी-बियाण्याचं दुकान आहे. त्यांच्याबद्दल मी रागानेच लिहायला बसलो आहे, हे आधी सांगितलेलं बरं. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. शिकतो बी.ए., विषय राज्यशास्त्र. पण आमच्या गल्लीत कॉलेज म्हणजे कम्प्युटर. काकांनी नवं घर बांधायला काढलं आणि माझ्या परीक्षेच्या सुट्ट्या त्यांच्या भिंतींत गेल्या.

"काका, मला वायरिंगमधलं काही कळत नाही."

"तू शिकलेला हायेस. तुले नाई समजन तं कोनाले समजन?"

मी पुस्तक मिटून त्यांच्या मागे गेलो.

काकांच्या वायरवेडामागे एक भांडण आहे, माझ्या जन्माआधीचं. वाटणी झाली तेव्हा जुन्या घराच्या मधोमध भिंत उभी राहिली. टीव्ही काकांच्या वाट्याला आला आणि अँटेना राहिला धाकट्या भावाच्या, पुंडलिककाकांच्या छतावर. मग अँटेनाची वायर तुटली. शालिककाका म्हणतात, पुंडलिकने कापली. पुंडलिककाका म्हणतात, उंदराने. तेव्हापासून बोलणं बंद. एक फाटकात दिसला की दुसरा घरात परत जातो. आता काकांनी आपला अर्धा भाग पाडून नवा बांधला, पण मधली भिंत तीच राहिली.

नव्या घरात प्रत्येक खोलीच्या भिंतीत पाइप हवे होते: टीव्हीचा वेगळा, नेटचा वेगळा, स्पीकरचा वेगळा. सगळे जिन्याखालच्या कपाटात एकत्र येणार. शिवाय प्रत्येक ठिकाणी एक रिकामा पाइप, त्यात नुसती सुतळी.

"रिकामा कशाला?"

"उद्या काय नवं येईन, सांगता येते का? तवा काय भिंत फोडशीन? नवी वायर सुतळीच्या टोकाले बांधायची, तिकडून ओढायची. झालं."

मी म्हणालो, हल्ली वायफाय असतं. काका असे चिडले की मिस्त्री परांचीवरून खाली उतरला. "हवेवर भरोसा ठेवतू? आमच्या दुकानात ते वायफाय येते अन् गिऱ्हाईक उभं असलं का जाते!"

लाइटची वायर आणि नेटची वायर एका पाइपात चालत नाही, हेही काकांनीच मला शिकवलं. "जवळ ठेवल्या का खरखर करतात."

"भावाभावासारखं का?" काकूंनी आतून विचारलं.

काका पाइप मोजायला निघून गेले.

खरा घोळ खुणांनी केला. कुठे फोडायचं ते दाखवायला काकांनी काकूंच्या करंड्यातलं कुंकू घेतलं, आणि शुभ कामाला सुरुवात म्हणून प्रत्येक खुणेवर स्वस्तिक काढलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर मिस्त्रीने सगळ्या भिंतींत खाचा फोडल्या होत्या, फक्त स्वस्तिकं सोडून. वर त्यांना हात जोडून.

"अबे, तिथंच फोडाचं होतं!"

"मालक, देवाच्या खुणेवर छन्नी मारू? मले पाप लावता का?"

"ते पाप नाई, नेट हाये!"

मिस्त्री ऐकेना. पाणी मारून कुंकू पुसायलाही तयार नव्हता. शेवटी स्वस्तिकं मी पुसली, काकूंच्या शिव्या खात. सगळी पुसून झाली तेव्हा मधल्या भिंतीवर आणखी एक सापडलं. तिथे ना टीव्ही लागणार होता ना स्पीकर. मला वाटलं, काका चुकले.

मी पुसायला गेलो तर काकांनी हात धरला. मिस्त्रीच्या हातून छन्नी-हातोडा घेतला आणि स्वतःच्या हाताने त्या स्वस्तिकावर घाव घालायला लागले. आजवर त्यांना मी साधा खिळा ठोकतानाही पाहिलं नव्हतं. माती पडली आणि छन्नी आरपार गेली.

पलीकडून आवाज आला, "कोन बे माही भिंत फोडून राह्यला?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "सांग त्याले, अर्धी माही हाये."

"पुंडलिककाका, ते म्हणतात अर्धी..."

"ऐकू आलं मले! काऊन फोडून राह्यला, विचार त्याले."

दुसऱ्या दिवशी माझा पेपर होता. मधे एक वीत भिंत, तिला आरपार भोक, आणि निरोप्या मी! मला खरंच संताप आला. आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यांवर ओरडलो, "तुम्हीच बोला ना!"

काकांनी छन्नी खाली ठेवली. मग काका भोकाजवळ वाकले.

"पाइप टाकून राह्यलो."

"कायचा?"

"रिकामा."

"रिकामा काऊन?"

काकांनी पाइप सरकवला, त्यातून सुतळी पलीकडे ढकलली, आणि सिमेंट वाळत चाललं म्हणून मिस्त्रीवर उगाच खेकसले.

प्लास्टर झालं, रंग झाला. सगळ्या पॉइंटांवर पांढरी झाकणं बसली. घरात एक वायर दिसेल तर शपथ. फक्त बैठकीत, खुर्चीसमोरच्या मधल्या भिंतीतून, वीतभर सुतळी लोंबत होती.

मी चिडूनच म्हणालो, "काका, दिसून राहिली ना ती. आत ढकलून झाकण लावू?"

"राहू दे."

"लोक काय म्हणतील?"

काका खुर्चीत बसले होते. नजर भिंतीवरच होती.

"म्हणू दे. तिकडून ओढली तं मले समजलं पाह्यजे ना."